तन्वीचा गुडघा आणि तुझा

प्रिय शोभे,

फोनवर गुडघ्याचा विषय निघाला की तू लगेच भाजीचे भाव विचारतेस, म्हणून लिहायला बसले. आमच्या प्रकृती ठीक. माझी शुगर आटोक्यात आहे, ह्यांचा खोकला गेला.

तन्वीचा गुडघा गेला गं. उजवा. विद्यापीठाच्या कबड्डीच्या निवड चाचणीत बोनस घेऊन मागे वळताना बूट मॅटवर रुतला, अंग फिरलं आणि पाय तिथेच राहिला. कुणी हातही लावला नव्हता. मी कडेला बसले होते आणि मला तो आवाज ऐकू आला. खट्. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण मी तो आधी एकदा ऐकलाय. कऱ्हाडला, मातीवर, तुझ्या गुडघ्यातून.

तेव्हा सर म्हणाले होते, 'नस चढलीय, आंबेहळद लावा.' आणि दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्याला तू पट्टी गुंडाळून उतरलीस. उतरू नकोस म्हटलं म्हणून वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस. त्या भांडणात मी अजूनही माघार घेणार नाही, माझंच बरोबर होतं. पण त्या लुळ्या पायावर तू पुष्पीचा पाय धरून पट काढलास, हे मी मरेपर्यंत लोकांना सांगणार, हेही खरं.

एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. हाडांमधली गादी शाबूत आहे, एवढंच नशीब. डॉक्टरांनी एका हाताने मांडी धरली, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. डाव्या पायाची नडगी जराशी येऊन टक् करून थांबली. उजव्याची येतच राहिली. तन्वी छताकडे बघत होती. मी बघितलं ते मला अजून डोळ्यांसमोरून हलवता येत नाही.

आता खरी गोष्ट. त्या हॉस्पिटलात एक अभ्यास चालू आहे. नुकतंच एसीएल तुटलेल्यांचे दोन गट करतात. एका गटाचं लगेच ऑपरेशन, म्हणजे मांडीच्या मागची स्नायूची दोरी काढून आत नवं लिगामेंट बसवायचं आणि मग व्यायाम. दुसऱ्या गटाला आधी फिजिओच्या देखरेखीखाली नुसता व्यायाम, आणि तरीही गुडघा सटकत राहिला तरच ऑपरेशन. कोण कुठल्या गटात जाणार हे ना डॉक्टर ठरवणार, ना आपण. संगणक चिठ्ठी टाकणार.

माझ्या पोरीच्या पायासाठी चिठ्ठी, शोभे! ह्यांनी तिथल्या तिथे विचारलं, 'ही काय म्हाडाची लॉटरी आहे?' तो तरुण डॉक्टर हसला नाही. म्हणाला, 'काका, दोन्हींतलं सरस कुठलं हे मला ठाऊक असतं आणि तरी मी चिठ्ठी टाकली असती, तर तो गुन्हा ठरला असता. ठाऊक नाही म्हणून तर विचारतोय.'

मी घरी येऊन वाचत बसले. तुला माहितीये, मी एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागले की सोडत नाही. हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला तो स्वीडनमध्ये. १८ ते ३५ वयाचे १२१ जण, सगळ्यांचं एसीएल ताजं तुटलेलं, अशीच चिठ्ठी टाकून दोन गट केले. २०१० साली निकाल आला. दोन वर्षांनी दोन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखीच. व्यायामाच्या ५९ जणांपैकी २३ जणांना नंतर ऑपरेशन लागलं, पाच वर्षांपर्यंत जवळपास निम्म्या जणांना लागलं. म्हणजे निम्म्यांचं ऑपरेशनशिवाय भागलं. हे वाचून मला हायसं वाटलं, आणि मग पुढचं वाचलं. व्यावसायिक खेळाडू त्यात घेतलेच नव्हते, मुलीही कमी होत्या. मग चढाई करणाऱ्या पोरीचं उत्तर त्यात कसं सापडणार? हॉलंडमध्ये १६७ जणांवर असाच अभ्यास झाला, तिथे लगेच ऑपरेशन केलेल्यांचं थोडं बरं निघालं, पण तेवढा फरक रोजच्या चालण्याफिरण्यात जाणवेल की नाही याची खात्री त्या लोकांनाच नव्हती.

आणि मग इंग्लंडचा सापडला, २०२२ चा. ३१६ जण, पण हे ताज्या दुखापतीचे नव्हेत. तुटून काळ लोटलेला, गुडघा दगा देत राहिलेला. तिथे ऑपरेशनवाले पुढे निघाले. गुडघा किती बरा आहे याचे १८ महिन्यांनी त्यांना १०० पैकी ७३ गुण, व्यायामवाल्यांना ६४.६. व्यायामाच्या गटातल्या ४१ टक्क्यांनी पुढे ऑपरेशनच करून घेतलं. मी वाचता वाचता थांबले, कारण हे तर तुझंच वर्णन होतं. जिना उतरताना कठडा, लोकलमध्ये चढताना डावा पाय आधी, कुणाच्या लग्नात पंगतीला खाली बसायचं नाही. तुला कुणी चिठ्ठीसुद्धा टाकली नाही. आंबेहळद आणि चला पुढे.

तन्वी एकोणीस वर्षांची आहे, सही तिची चालते. मराठीतला संमतीचा कागद तिने दोनदा वाचला, प्रत्येक पानावर सही करायची असते. कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल, त्यामुळे उपचारात काही कमी होणार नाही, असं तिसऱ्या पानावर लिहिलंय. अभ्यासाचा नोंदणी क्रमांकही आहे, तो मी सरकारी नोंदवहीत शोधून काढला. २००९ पासून अशी नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा लपवाछपवी काही नाही. डॉक्टर हेही म्हणाले की मन आधीच एका बाजूला झुकलं असेल तर भाग घेऊ नका, कुणी रागावणार नाही.

गोची तीच आहे. तन्वीचं मन झुकलेलं नाही. माझं झुकलंय. मला तिचं ऑपरेशन लगेच व्हायला हवंय. रात्री जाग आली की मला व्यायामाच्या गटातली तन्वी दिसते. तीन महिने इमानेइतबारे घाम गाळून पोरगी मॅटवर उतरते, गुडघा सटकतो आणि शाबूत राहिलेली गादीही फाटते. मग वाटतं, ऑपरेशन केलेलेही पुन्हा तुटतात, आपल्या जयाच्या पोराचं नाही का तुटलं? मग उठून पाणी पिते. हे म्हणतात, 'तू झोप, संगणक तुझ्यापेक्षा शांत डोक्याचा आहे.' ह्यांना काय, कुशीवर वळले की घोरायला लागतात.

मी तिला म्हटलं, 'सही करू नकोस, आपण सरळ ऑपरेशन करून घेऊ, पैशाचं बघू.' तर म्हणाली, 'आई, कबड्डीच्या पोरींचं काय होतं ते कुणी मोजलंच नसेल तर डॉक्टर सांगणार कुठून? शोभामावशीचं कुठे लिहून ठेवलंय?' मला बोलता येईना.

सोमवारपर्यंत तिला सांगायचंय. त्याआधी तू तिच्याशी बोल, एवढंच मागणं आहे. माझी बाजू मांडू नकोस आणि तिचीही नको. तुझा गुडघा कसा आहे ते सांग. कधीपासून दगा द्यायला लागला, खेळ सोडलास तो दुखण्याने की भीतीने, मधे व्यायाम केलास तेव्हा बरं होतं का. मला तू कधी सांगितलं नाहीस आणि मीही नेट लावून विचारलं नाही. पण तिला सांग. माझ्यासमोर ती शूर असते, तुझ्यासमोर रडेल तरी.

अभयच्या नोकरीचं कळलं, फार आनंद झाला. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? स्वयंपाकघराच्या फरशीचं काम आता तरी उरकून घे, ओल्या फरशीवरून तू घसरलीस तर मी यायला मोकळी नाही. पुष्पी दिवाळीला येतेय म्हणे, तिला तो पट अजून मान्य नाही.

तन्वीचा नंबर तोच आहे. रात्री नऊनंतर कर, तोवर ती बर्फ लावून बसलेली असते.

तुझी,
सुनी