लेखात द्राक्षाचा वेल कुठेच नव्हता

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीतला शॅम्पेनच्या जुन्या घराण्यांवरचा लेख वाचला, माहिती बरीच होती पण वाचून झाल्यावर मन भरलं नाही म्हणून लिहितेय. घराणं किती जुनं, कुठल्या राजाकडे बाटल्या जायच्या, आज केवढ्याला मिळते, सगळा लेख ह्यातच संपला. आणि वेल? तो पिकवणारी माणसं?

बोलिंजरचंच घ्या. १८२९ साली फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या आयी गावात सुरू झालेलं हे वाईनचं घराणं, मालकी अजून कुटुंबाचीच. १९४१ मध्ये मालक वारले तेव्हा तिथे जर्मनांचा ताबा होता, पदरी मूलबाळ नाही, अशात त्यांच्या पत्नी लिली बोलिंजर यांनी सगळा कारभार अंगावर घेतला तो थेट १९७१ पर्यंत. पेट्रोलची मारामार, तर बाई सायकलवर बागा बघत फिरायच्या. ह्या बाईंचं मला फार कौतुक वाटतं.

आणि त्यांच्या त्या जुन्या बागा! फायलोक्सेरा किडीने युरोपभर द्राक्षाची मुळं खाल्ली तेव्हा बहुतेक सगळे ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन खुंटावरच्या कलमांकडे वळले, पण ह्यांचे काही छोटे तुकडे मूळ वेलांवरच राहिले. तिथे रोपं विकत आणत नाहीत, जुन्या वेलाची काडी वाकवायची, मातीत दाबायची, शेंडा तेवढा बाहेर ठेवायचा आणि मुळं धरायची वाट बघायची, आपलं दाब कलमच की हो! वर्षानुवर्षं असं केल्यावर ओळी राहतच नाहीत, वेल मिळेल तिथे दाटीने वाढतात, ट्रॅक्टर आत शिरत नाही, मग घोडा लावायचा नाहीतर हाताने खणायचं. एवढं करून वाईन निघते अगदी थोडी. १९६९ च्या पिकापासून तिची वेगळी बाटली निघते. नुसता हिशेब बघणारा मालक असता तर हे वेल कधीच उपटले असते असं मला अगदी मनापासून वाटतं. बूझी गावातला तुकडा तर २००४ मध्ये त्याच किडीने गेला, आता आयीमधले दोनच उरलेत.

२०१५ मध्ये युनेस्कोने शॅम्पेन भागातले डोंगरउतार, वाईनची घरं आणि तळघरं वारसा यादीत घेतली, आनंदच आहे. पण ह्याच बोलिंजरकडे लाकडी पिंपं दुरुस्त करणारा स्वतःचा कारागीर अजून आहे, त्याच्याबद्दल एक ओळ तरी हवी होती. पुढच्या पुरवणीत त्याच्यावर लिहाल का?

आपली एक नेहमीची वाचक