प्रीमियर पद्मिनीच्या दरवाजाच्या सदोष पत्र्याबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
जुन्या मोटारींचे सुटे भाग विक्री विभाग.

विषय : डाव्या पुढच्या दरवाजाचा बाहेरचा पत्रा मापात नसल्याने बदलून मिळणेबाबत.

महोदय,

मी अमळनेर, जि. जळगाव येथील रहिवासी असून माझ्याकडे १९७६ साली नोंदणी झालेली प्रीमियर पद्मिनी आहे. तिच्या दोन्ही पुढच्या दरवाजांचे बाहेरचे पत्रे, म्हणजे आपल्या यादीतील ‘डोअर स्किन’, आणि डावे पुढचे मडगार्ड असा माल मी आपल्या संकेतस्थळावरून मागवला व त्याची बिलाप्रमाणे होणारी १४,८०० रुपये ही रक्कम आगाऊ भरली. मडगार्डाचा एक कोपरा वाहतुकीत चेपला होता. तो मिस्तरींनी ठोकून सरळ केला, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझी तक्रार डाव्या दरवाजाच्या पत्र्याबद्दल आहे आणि त्याहून अधिक, त्यासंबंधी आपल्या कार्यालयाने ई-मेलने दिलेल्या उत्तराबद्दल आहे.

काम जळगावच्या एका जुन्या डेंटर मिस्तरींकडे दिले आहे. त्यांनी कोणताही पत्रा काढण्यापूर्वी दोन्ही दरवाजे बिजागरीवर असतानाच भोवतालच्या फटी मोजून लिहून ठेवल्या. नंतर जुन्या पत्र्याची दुमडलेली कड ग्राइंडरने घासून पत्रा अलगद सुटा केला, त्यामुळे आतल्या फ्रेमला हातोडीचा एक घावही लागलेला नाही. उजवा पत्रा आपल्याकडचाच. तो पकडींनी धरला तेव्हा जागच्या जागी बसला, म्हणून त्याची कड डॉलीवर, म्हणजे पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर, टप्प्याटप्प्याने दुमडून ते काम पूर्ण केले. डावा पत्रा त्याच पद्धतीने पकडींनी धरून दरवाजा लावून पाहिला, तेव्हा मडगार्डावरून येणारी उठावाची रेघ दरवाजावर आल्यावर ८ मिलिमीटर खाली उतरलेली दिसली. कुलपाच्या बाजूला वर फट इतकी कमी की दरवाजा घासतो आणि खाली इतकी जास्त की बोट जाते. खालच्या बाजूला दुमडण्यासाठी सोडलेली कड उजव्या पत्र्याला १२ मिलिमीटर आहे, तर डाव्याला जेमतेम ५ मिलिमीटर. एवढ्याशा कडेने फ्रेम धरली जाणार नाही, आणि दरवाजा पावसाचे पाणी पितो तो नेमका तिथेच.

‘दरवाजाची फ्रेमच वाकडी असावी’ असे आपण कळवले आहे. ही शंका मिस्तरींनाही आधी आली होती, म्हणून त्यांनी जपून ठेवलेला जुना पत्रा गॅरेजच्या फरशीवर नव्या पत्र्याशेजारी ठेवला आणि मग त्यावर पालथा घालून पाहिला. वरची कड आणि पुढची कड जुळवली की हँडलचे भोक मागे सरकते व रेघ खाली जाते. दोन सुटे पत्रे जमिनीवर पडलेले असताना त्यात फ्रेमचा काय संबंध येतो, हे मला समजू शकलेले नाही. छायाचित्रे मोजपट्टीसह सोबत जोडली आहेत.

जाडीचीही तीच कथा आहे. आपल्या यादीत ‘२० गेज’ असे छापले आहे, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर. दुमडीत जाणाऱ्या कडेवरचा काळा प्रायमर नखाएवढा खरवडून व्हर्नियरने मोजले असता उजवा पत्रा ०.९ मिलिमीटर भरला आणि डावा ०.७ मिलिमीटर, जी २२ गेजची जाडी आहे. मिस्तरींनी तो मधोमध अंगठ्याने दाबला तर तो टक्‌ असा आवाज करून आत गेला. ते अहिराणीत एवढेच म्हणाले, “हाऊ पत्रा नही भाऊ, कागद शे.”

आपल्या उत्तरातील ‘थोडी लांबी (पुट्टी) भरून घ्यावी, जुन्या गाडीला एवढे चालते’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. लांबी ही हातोडीच्या बारीक खुणा बुजवण्यासाठी असते आणि ती ३ मिलिमीटरच्या पुढे चढवू नये, असे पेंटर सांगतात. इथे ८ मिलिमीटरची रेघ नव्याने घडवावी लागेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीचा पत्रा फुगतो आणि जाड लांबी तडकून निघते. शिवाय ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी देण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१पासून आहे, मात्र गाडी मूळ रूपात राखलेली असावी लागते. मी खर्च करून नवा पत्रा मागवला तो याचसाठी. लांबीच थापायची असती तर जुन्या गंजक्या पत्र्यावरही थापता आली असती.

‘बसवलेला माल परत घेतला जात नाही’ ही आपली अट मी वाचली आहे. डावा पत्रा वेल्डिंग केलेला नाही, त्याची कड दुमडलेली नाही, त्याला कुठे कात्री लावलेली नाही. तो फक्त पकडींनी धरून पाहिला, आणि ‘रंग देण्यापूर्वी पत्रा लावून खात्री करावी’ अशी सूचना आपल्याच पाकिटावर छापलेली आहे. लावून पाहायला सांगायचे आणि लावून पाहिला म्हणून परत घ्यायचा नाही, या दोन गोष्टी एकत्र कशा नांदणार? ई-वाणिज्यासंबंधीच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष अथवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि तक्रारीचे निवारण एका महिन्याच्या आत करावे लागते.

तरी २० गेजचा, योग्य मापाचा डावा पत्रा आपल्या खर्चाने पाठवावा व सदोष पत्रा आपल्याच खर्चाने उचलून न्यावा. पाठवण्यापूर्वी तो मूळ पत्र्याशी ताडून पाहावा. आपल्याकडे नमुना नसल्यास माझ्या जुन्या पत्र्याचा कागदी छाप पाठवण्यास मी तयार आहे. तसा पत्रा उपलब्ध नसेल तर त्याची किंमत व वाहतूक खर्च परत करावा. आपला माणूस येऊन पाहणार असेल तर पत्रा आहे त्या स्थितीत गॅरेजमध्ये ठेवलेला आहे. पावसाळा तोंडावर आला असून डाव्या दरवाजाला बाहेरचा पत्रा नसल्याने गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, म्हणून महिन्याची मुदत संपण्याची वाट न पाहता उत्तर द्यावे. मुदतीत निवारण न झाल्यास मला जळगाव येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागावी लागेल.

सोबत बिलाची प्रत, छायाचित्रे, आपल्या ई-मेलची प्रत आणि मिस्तरींनी फटींची मापे लिहून ठेवलेला कागद जोडला आहे.

कळावे.

आपला ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव