ऐकू आले नाही, की ऐकलेच नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘विश्वात आपण एकटेच!’ हा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटले, माझाच चष्मा बदलायला झाला आहे. शीर्षकातले उद्गारचिन्ह लेखकाचे की आपल्या उपसंपादकांचे, ठाऊक नाही. पण ज्या कोणाचे असेल त्याने जन्मात कधी कानाला हेडफोन लावून रात्र काढलेली नसावी. मी बावीस वर्षे काढली आहेत. मालवाहू जहाजांवर रेडिओ अधिकारी होतो. ऐकणे हाच धंदा होता, म्हणून हे पत्र.

लेखाचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे : ‘साठ वर्षांहून अधिक काळ शास्त्रज्ञ आकाशाकडे कान लावून बसले आहेत आणि पलीकडून हूं की चूं नाही.’ कोण बसले होते? रोज किती तास? कोणत्या फ्रिक्वेन्सीवर? तोंड कुठल्या दिशेला होते? यातले काहीही लेखात नाही. अशी नोंद मी जहाजावर केली असती तर पुढच्या बंदरात मला सामानासकट उतरवले असते. तशी वेळ एकदा जवळपास आलीही होती.

माझे पहिलेच जहाज. आमच्या रेडिओ रूममधल्या घड्याळाच्या तबकडीवर दोन लाल पाचरी रंगवलेल्या असत : पंधरा ते अठरा मिनिटे आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस. त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर सगळ्या जहाजांनी आणि किनाऱ्यावरच्या स्टेशनांनी तोंड मिटून बसायचे. कुठे एखादे जहाज बुडत असेल तर त्याची क्षीण हाक इतरांच्या कलकलाटात हरवू नये, म्हणून. ती तीन मिनिटे झाली की लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, नोंद करायची. बहुतेक वेळा एकच : काही ऐकू आले नाही.

एका रात्री विजा फार होत्या. अशा वेळी एरियल (अँटेना) सेटपासून तोडून अर्थिंगला जोडतात, नाहीतर वीज सरळ सेटमध्ये उतरते. मी तो खटका खाली ओढला आणि झोपायला गेलो. सकाळी आठला कामावर आलो, हेडफोन चढवले, सव्वाआठला ऐकले, नोंद केली. पावणेनऊला ऐकले, नोंद केली. वादळ सरल्यावर हवा कशी स्वच्छ झाली आहे, असे मनाशी म्हणालोसुद्धा! एवढी स्वच्छ शांतता हवेत कधीच नसते, कुठल्यातरी कोपऱ्यातल्या विजेची कडकड कायम कानावर येत असते, हे अंगवळणी पडायला मला आणखी दोन जहाजे लागली. सवादहापर्यंत सुवाच्य अक्षरात पाच नोंदी झाल्या. साडेदहाला हवामानाचे बुलेटिन घ्यायला बसलो तर किनाऱ्याचे स्टेशनही गप्प. तेव्हा कुठे मान वर करून पाहिले. खटका खालीच होता. अडीच तास मी माझ्याच सेटची सळसळ ऐकत होतो.

कॅप्टनसाहेब ओरडले नाहीत. लॉगमधले काही खोडून काढायचे नसते, एक आडवी रेघ मारून बाजूला सही करायची असते. त्यांनी पाचही नोंदींवर रेघ मारायला लावली आणि मजकूर स्वतः सांगितला : ‘एरियल अर्थवर. ऐकले नाही.’ मी भीत भीत म्हटले, “सर, ऐकू आलं नाही, हेही खरंच आहे ना?” ते म्हणाले, “खरं आहे. पण ते वाचून कोणी शोधायला निघणार नाही.” त्या अडीच तासांत कोणी हाक मारली होती का, हे मला आजतागायत कळलेले नाही.

आता आपल्या लेखकांच्या साठ वर्षांकडे येऊ. १९६० साली खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक येथे रेडिओ दुर्बिणीची २६ मीटर व्यासाची तबकडी वापरून परग्रहवासीयांची हाक ऐकायला सुरुवात केली. किती ताऱ्यांकडे? दोन. टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी. फ्रिक्वेन्सी १४२० मेगाहर्ट्झच्या आसपासची, कारण विश्वातला हायड्रोजन तिथे बोलतो (त्याच फ्रिक्वेन्सीच्या लहरी सोडतो) आणि शहाणा माणूस तिथेच ऐकेल, असा तर्क. तर्क उत्तम. पण आपल्या आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे आहेत, आणि पलीकडच्यांनीही तोच तर्क लढवला असेल, याची हमी कोणी दिली?

‘नासा’ने मोठा गाजावाजा करून स्वतःची शोधमोहीम सुरू केली ती ऑक्टोबर १९९२ मध्ये. वर्षभरात अमेरिकी संसदेने तिचे पैसे तोडले. त्यानंतर काम चालले ते बव्हंशी देणग्यांवर आणि इतरांकडून मागून घेतलेल्या दुर्बिणीच्या वेळेवर. हे आपले ‘साठ वर्षे कान लावून बसणे’! २०१८ साली खगोलशास्त्रज्ञ जेसन राइट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी याचा रीतसर हिशेब मांडला. दिशा, अंतर, फ्रिक्वेन्सी, सिग्नलची ताकद, तो किती वेळाने पुन्हा येतो, हे सगळे धरून. निष्कर्ष असा की शोधायचा मुलूख म्हणजे पृथ्वीवरचे सगळे समुद्र मानले, तर आजवर तपासलेले पाणी एका मोठ्या टबात किंवा छोट्या पोहण्याच्या हौदात मावेल. टबात मासा सापडला नाही म्हणून समुद्रात मासे नाहीत, असे कोणी लिहून आणले तर आपण छापाल का? कालचा अनुभव पाहता छापाल.

लेखातली १९७७ची चौकट तर कहर आहे. ‘परग्रहवासीयांचा संदेश आला, पण तो खोटा ठरला.’ खोटा ठरलेला नाही, खराही ठरलेला नाही. १५ ऑगस्टला ओहायोतल्या ‘बिग इअर’ दुर्बिणीने ७२ सेकंद एक जोरदार सिग्नल टिपला. बहात्तरच, कारण ती दुर्बीण जागची हलत नसे आणि पृथ्वी फिरता फिरता आकाशाचा एक ठिपका तिच्या टप्प्यात तेवढाच वेळ राही. तिला दोन कान होते. ठिपका तीनेक मिनिटांच्या अंतराने दोन्हींसमोरून जायचा, पण सिग्नल सापडला एकातच. आणि हेडफोन लावून तिथे कोणी बसलेच नव्हते. संगणक आकडे कागदावर छापत होता. जेरी एहमन यांनी काही दिवसांनी ते कागद पाहिले, तेव्हा लाल शाईने शेजारी ‘वॉव’ लिहिले. रेडिओवाल्याच्या दृष्टीने याहून वाईट प्रसंग नाही : हाक आली असेल-नसेल, पण उलटून ‘पुन्हा बोला’ म्हणायला जागेवर माणूस नाही. पुढे अनेकांनी त्या दिशेला ऐकले, काही मिळाले नाही. १९९८ मध्ये ती दुर्बीणच पाडली. जागा गोल्फच्या मैदानाला हवी होती.

शंकेखोरांचा एक मुद्दा मात्र मला टोचतो आणि तो मान्य करायला हवा. १९५० साली जेवणाच्या टेबलावर भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी ‘सगळे आहेत कुठे?’ असे विचारले, ते रेडिओबद्दल नव्हते. आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने निघालेले यानसुद्धा दहा लाख वर्षांत ती ओलांडेल. आकाशगंगेचे वय हजार कोटी वर्षांच्या पुढे. मग कोणी आजवर येऊन कसे गेले नाही? १९७५ मध्ये मायकेल हार्ट यांनी यावरूनच ‘कोणी नाहीच’ असा निष्कर्ष काढला. हा वाद गंभीर आहे. पण ‘कोणी आले का नाही’ आणि ‘कोणी बोलते का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्या लेखकांनी दोन्हींची खिचडी करून वर फर्मींचे नाव पेरले आहे.

आणखी एक. १ फेब्रुवारी १९९९पासून जहाजांना ५०० किलोहर्ट्झवर कान ठेवण्याचे बंधन उरले नाही. उपग्रह आले, मोर्स (टिंब-रेघांची आमची भाषा) गेला, आम्हीही गेलो. आज कोणी माझा जुना सेट लावून, एरियल नीट जोडून, त्या लाल पाचरींच्या वेळी ऐकत बसला तर त्याला जहाज म्हणून काही ऐकू येणार नाही. त्याने काय लिहावे? ‘समुद्र रिकामा आहे’? समुद्रावर आज माझ्या काळापेक्षा जास्त जहाजे आहेत. ती दुसरीकडे बोलतात, एवढेच. अटलांटिकपलीकडे पहिला बिनतारी सिग्नल गेला १९०१ मध्ये, म्हणजे शंभर वर्षेही न भरता एक अख्खी बोली हवेतून नाहीशी झाली. तिकडे कोणी आपल्यापुढे दहा हजार वर्षे असेल तर तो अजून रेडिओ बडवत बसला असेल, हे कशावरून?

आणि आपण स्वतः किती बोललो? १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम-१३ या तारकागुच्छाकडे जो प्रसिद्ध संदेश पाठवला, तो जेमतेम तीन मिनिटांचा होता. आमच्या एका लाल पाचरीएवढा! एकदाच पाठवला. तिकडे त्या तीन मिनिटांत कोणाचा खटका खाली असेल, तर त्यांच्या पुरवणीतही उद्गारचिन्हासह मथळा येईल. ‘तो गुच्छ २५ हजार प्रकाशवर्षांपूर्वीचा आहे’ असे आपण छापले आहे. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, महाशय. हे शाळकरी पोराला ठाऊक असते. खुलासा छापावा, आणि तो चौदाव्या पानावर जाहिरातींच्या खाली नको.

आपला,
एक निवृत्त रेडिओ अधिकारी

ता. क. : ज्या जागेत काल हिरव्या रंगाचा, दोन शिंगांचा परग्रहवासी चार कॉलम पसरला होता, तिथे पूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा येत असत. त्या गेल्या महिन्यापासून बंद आहेत. याबद्दल दोन पत्रे पाठवली, उत्तर नाही. तिथे कोणी आहे का?