रविवारचे मूत्ररोग तपासणी शिबिर : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ८ ते ११ या वेळेत संघाच्या सभागृहात प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) व मूत्राशयाच्या कर्करोगाविषयी तपासणी शिबिर होईल. पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे रक्तातील प्रमाण) ही रक्ततपासणी करावी की नाही, हे पन्नाशी उलटलेल्या पुरुषांनी तेथील डॉक्टरांशी बोलून ठरवावे. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला असल्यास पंचेचाळिशीतच विचारावे.

१. उपाशी येण्याची गरज नाही. मात्र आधीचे दोन दिवस सायकल चालवू नये, आणि लघवीला जळजळ होत असल्यास तपासणी पुढे ढकलावी, कारण संसर्गानेही पीएसए वाढते.

२. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (प्रोस्टेट वाढल्यास दिली जाणारी औषधे) घेणाऱ्यांनी गोळ्यांचे पाकीट सोबत आणावे, कारण या औषधांमुळे पीएसएचा आकडा जवळपास निम्मा दिसतो.

३. लघवीतून एकदाही रक्त गेले असल्यास, मग ते न दुखता गेले आणि दुसऱ्या दिवशी थांबले असले तरी, शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. ‘बीट खाल्ले होते’ म्हणून विषय सोडू नये. हे महिला सभासदांनाही लागू आहे.

धूम्रपान हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण आहे. सभागृहामागच्या पायरीवर विडी-सिगारेटसाठी जमणाऱ्या मंडळींनी याची विशेष नोंद घ्यावी.

नावे शुक्रवारी सायंकाळपर्यंत कार्यालयातील वहीत नोंदवावीत.

— कार्यवाह