शीतगृहातलं संगीत

प्रिय मन्या,

‘तुझ्या त्या आदळआपटीत ऐकण्यासारखं असतं तरी काय?’ असं विचारलंस ना, मग आता सोस. सध्या माझ्या कानाला ‘डिसीट’ चिकटलाय. ‘धिस हीट’ या लंडनच्या तिघांच्या बँडचा १९८१चा अल्बम.

पंकचा, म्हणजे त्या रांगड्या बंडखोर रॉकचा, धुरळा बसत आला होता तेव्हाची ही मंडळी. चार्ल्स हेवर्ड ड्रमवर, चार्ल्स बुलेन गिटारवर आणि तिसरा गॅरेथ विल्यम्स, ज्याने कुठलंच वाद्य रीतसर शिकलेलं नव्हतं. ब्रिक्स्टनमधल्या एका बंद कारखान्यातलं मांस साठवायचं शीतगृह त्यांनी तालमीला घेतलं. नावही बदललं नाही, ‘कोल्ड स्टोरेज’च. तिथे तासन् तास वाजवायचं, टेप चालू ठेवायची, मग ती कापून, जोडून, गोल फिरवून त्यातून गाणं काढायचं. म्हणून गाणं चालू असतानाच भोवतालची खोली बदलल्यासारखी वाटते. ‘मेकशिफ्ट स्वाहिली’त शेवटाकडे आवाज इतका खरखरीत होतो की मी हेडफोनची वायर हलवून पाहिली!

काळ आठव. १९८०मध्ये ब्रिटिश सरकारने अणुहल्ल्यासाठी पुस्तिका छापली होती: घरातली दारं काढा, भिंतीला तिरकी टेकवा, आडोसा करा. तीच धास्ती या अल्बमभर आहे, पण पहिलं गाणं ‘स्लीप’ चक्क अंगाई आहे रे! मऊ चाल आणि शब्द जाहिरातींतले. आरडाओरडा करून घाबरवणारे बँड पुष्कळ ऐकले, थोपटत थोपटत घाबरवणारे हेच.

‘इंडिपेन्डन्स’मध्ये अमेरिकेचा १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामाच गायलाय. कल्पना झकास, गाणं मला जरा ताणलेलं वाटतं. खरा कळस ‘अ न्यू काइंड ऑफ वॉटर’. आवाज एकमेकांवर चढत जातात, हेवर्डचे ड्रम खालून ढकलत राहतात, आता कुठेतरी मोकळं होईल म्हणून आपण वाट बघतो आणि ते होतच नाही. त्या अडकलेपणासाठीच मी पुन्हा लावतो.

आणि तुझ्यासारख्या कथकलीवेड्यासाठी राखून ठेवलेली बातमी: हा गॅरेथ पुढे बँड सोडून केरळात कथकली शिकायला गेला होता! २००१मध्ये वारला बिचारा.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस, निम्मं हरवेल. शिव्या द्यायच्या तर खुशाल दे, पण शेवटचं ‘हि बाकू श्यो’ संपल्यावर. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अव्या