घणसोलीच्या पत्त्यावर

ठाणे

चि. बाळास,
प्रभूच्या नावाने सलाम आणि अनेक आशीर्वाद.

फोनवर हा विषय काढला की तू "हो आई, बघतो" म्हणतोस आणि बोलणे जेवणाखाणाकडे वळवतोस, म्हणून लिहायला बसले आहे. ऐरोलीची नोकरी लागून तू मित्रांबरोबर घणसोलीला राहायला गेलास, तेव्हापासून रविवारची उपासना तुझ्या रोस्टरवर अवलंबून राहू लागली. आणि परवा तू म्हणालास की विश्वास मनात असला म्हणजे झाले, चर्चच्या मंडळीत यायलाच हवे असे कुठे आहे? प्रश्न रागावण्यासारखा नाही, पण उभ्या उभ्या उत्तर देऊन मोकळे होण्यासारखाही नाही.

विश्वासात खंबीर राहायचे म्हटले की आपल्याला सिंहांची गुहा आठवते. बायबलमधला दानिएलाचा सहावा अध्याय एकदा सावकाश वाच. राजाखेरीज कोणाची प्रार्थना करील त्याला सिंहांच्या गुहेत टाकावे, अशा फर्मानावर राजाची सही झाल्याचे कळल्यावर दानिएल घरी गेला, यरुशलेमेच्या दिशेच्या खिडक्या उघड्याच होत्या, आणि त्याने नेहमीसारखी दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना केली. त्या दिवशी त्याने नवे असे काहीच केले नाही. गुहेत जे धैर्य सगळ्यांना दिसले ते कित्येक वर्षांच्या, कोणाच्या नजरेतही न भरलेल्या परिपाठात तयार झालेले होते. ज्याच्या प्रार्थनेला ठरलेली वेळच नाही, त्याची प्रार्थना बंद पाडायला फर्मान कशाला लागते? एक रात्रपाळी पुरते.

प्रभू येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट याच्या उलट आहे. प्रभूला धरायला बागेत शिपाई आले तेव्हा त्याने तलवार उपसून प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापला. आणि त्याच रात्री वाड्याच्या अंगणात, विस्तवाजवळ शेकत असताना, तूही येशूबरोबर होतास ना, या एका दासीच्या सहज प्रश्नाने तो डळमळला. त्याची गालीली बोली त्याला उघडे पाडत होती, तरी तो नाही म्हणत राहिला. तुझ्या कँटीनमध्ये कोणी हसत हसत म्हणाले, "तुम्ही लोक तांदळासाठी बाटलात ना?", आणि तू हसून ताट उचललेस, हे तू सांगितलेस तेव्हा मला ते अंगण आठवले. तुला पेत्राच्या रांगेत बसवत नाही. पण असा प्रश्न पुन्हा येणार आहे आणि त्याचे उत्तर तुझ्याजवळ असायला हवे.

उत्तर साधे आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपले पूर्वज नगर जिल्ह्यातले. 1876 ते 1878 च्या दुष्काळात त्या भागात माणसे अन्नान्न करीत मेली, आणि उपाशी माणसाला ज्यांनी जेवू घातले त्यांत मिशनरीही होते. ज्यांना गावच्या विहिरीवर पाय ठेवू दिला जात नव्हता, त्यांना भाकरीबरोबर पाटी-पेन्सिल मिळाली आणि पंगतीत शेजारी बसायला जागा मिळाली. भाकरीसाठी गेलेला माणूस पोट भरल्यावर परत फिरला असता. दुष्काळ सरल्यावरही ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना सोडली नाही त्यांना तांदळाचे ख्रिस्ती म्हणणे हे अज्ञान आहे. एवढे शांतपणे सांग आणि जेवण पुरे कर. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदा तयार असा, पण ते सौम्यतेने द्या, असे पुढे ज्याच्या पत्रात आपण वाचतो तो पेत्रच होता.

आता तुझ्या मित्राच्या कोपरखैरण्याच्या घरच्या गणपतीविषयी. जावे की नाही, असे तू विचारलेस. जरूर जा. मिठाई घेऊन जा, पाहुण्यांना पाणी दे, आजीबाईंच्या पाया पड. आरतीच्या वेळी बाजूला शांत उभा राहा. टाळ वाजवायला सांगितले तर, मी ख्रिस्ती आहे, माझी उपासना निराळी आहे, असे नम्रपणे सांग. अशा उत्तराने चांगल्या माणसाचा अपमान होत नाही. अपमान होतो तो पाठीमागे टिंगल केल्याने, आणि ती आपल्या लोकांतलेही काही जण करतात, हे मला मुळीच आवडत नाही. प्रसादाबद्दल आपल्या मंडळीतही एकमत नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात जे लिहिले आहे तेच मला सर्वांत शहाणपणाचे वाटते: कोणी जेवायला बोलावले तर चौकशा न करता जेव, हे नैवेद्याचे आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर घेऊ नको. नाही म्हणताना हात जोड आणि तोंड वाकडे करू नकोस, एवढी माझी भर.

तुला शंका येतात हेही मी ओळखते. शंका येणे म्हणजे विश्वास गेला असे समजू नकोस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला आणि त्यानंतरही त्या आपल्याला शिकवणाऱ्या धर्मभगिनींना सिद्धांतांविषयी असे प्रश्न विचारत राहिल्या की त्या बायका हैराण झाल्या. त्याच रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारले, उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. 1922 साली मृत्यू दाराशी आला असताना ते काम पुरे झाले. तेव्हा प्रश्न विचार, पण शास्त्र उघडून, आपल्या पाळकांसमोर बसून विचार. रात्री दोन वाजता मोबाइलवर कोणा अनोळखी माणसाशी वाद घालून विश्वास वाढत नाही. झोप मात्र जाते.

राहिली मंडळी. आपल्या या ठाण्यात 1321 साली तोलेंतीनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती, असे चार फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू, विश्वासासाठी मारले गेले, हे तू संडे स्कूलमध्ये ऐकले आहेस. त्यांच्या मागोमाग आलेल्या ओदोरिक या त्याच संघाच्या प्रवाशाने या गावात पूर्वेकडील मंडळीच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि हे चौघे उतरले होते ते अशाच एका घरी. मला हुतात्म्यांपेक्षा त्या पंधरा घरांचे अधिक वाटते. त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. परक्या मुलखातून आलेल्या चौघांना ठाण्यात दार उघडले गेले ते ती घरे आधीपासून एकमेकांना धरून राहिली होती म्हणून. प्रत्येकाने विश्वास आपापल्या मनात ठेवला असता तर त्या चौघांना कोणाचे दार ठोठावावे हेही कळले नसते. प्रभूने पेत्राला सांगितले होते की तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. आपल्याकडची दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः जाहीर कबूल करण्याच्या तयारीच्या, वर्गातली मुले तुझ्या रिकाम्या जागेकडे बघतात, रे. त्यांना कारण कोण सांगणार?

म्हणून काही गोष्टी कर. महिन्याचे रोस्टर लागण्याआधीच साहेबांना सांगून निदान दोन रविवार मोकळे माग आणि त्या बदल्यात दिवाळीत काम कर. सगळे त्या वेळी सुट्टी मागतात, तुझे ऐकतील. ज्या रविवारी सकाळची पाळी असेल त्या रविवारी वाशीच्या बाजूला संध्याकाळची उपासना कुठे होते याची चौकशी कर. घणसोलीहून ठाण्याच्या गाडीत बसायला मिळाले तर मार्काचे शुभवर्तमान सुरू कर, सोळाच अध्याय आहेत. आणि कामाच्या तासांची नोंद भरताना, सगळे भरतात म्हणून न केलेले तास लिहू नकोस. त्यावरून पगारात कमी-जास्त झाले तर ते मला सांग, पण नोंद खरीच राहू दे.

बाबांना हे पत्र वाचून दाखवले. ते म्हणतात की प्रसादाच्या बाबतीत मी जरा कडक आहे; पुढच्या सुट्टीला आलास की त्यांच्याशी यावर बोल. त्याआधी कँटीनमधल्या त्या गृहस्थाला काय उत्तर दिलेस ते मला लिहून कळव, फोन नको.

तुझी,
आई