पुन्हा एक कुंड सापडलं

अमळनेर
१४ जानेवारी २०२६, संक्रांत

प्रिय विज्या,

तिळगूळ घे, गोड बोल. तुला ते जमत नाही हे ठाऊक आहे, रीत म्हणून लिहितो. तू आत्ता गच्चीवर असशील, बोटांना मांजाचे काप आणि तोंडात उंधियू. सुरतेने तुला पार गुजराती करून टाकलं भो.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू मधेच तोडतोस, आणि हे मधे तोडण्यासारखं नाही. शिवाय नऊ महिने मी फोन केला नाही. आता अचानक केला असता तर तुला वाटलं असतं कोणी गेलं. कोणी गेलेलं नाही. माझी साखर होती तिथेच आहे, गुडघा कुरकुरतो, सुमनचं बरं आहे.

झालं असं, की मला पुन्हा एक जागा सापडली.

हेच वाक्य सुमनला म्हणालो तर ती "बरं" म्हणाली आणि कणीक मळत राहिली. पिंकी म्हणाली, "पप्पा, लोकेशन सेव्ह करून ठेवा." हे ऐकून पोटात गोळा येईल असा माणूस जगात एकच, म्हणून तुला लिहितोय.

जावईबापूंची बदली बँकॉकला झाली हे तुला कळलं असेलच, तुझ्या सौभाग्यवतींना सगळं आधी कळतं. डिसेंबरात आम्ही दोघं महिनाभर जाऊन आलो. आम्ही गेलो तेव्हा व्हिसाची भानगड नव्हती, विमानातून उतरण्याआधी एक ऑनलाइन कार्ड भरायचं, झालं. तिथे सरकारी कागदावर साल २५६८ होतं. बुद्धाचं साल, आपल्यापुढे ५४३ वर्षं. सुमन म्हणाली, म्हणजे आपली पेन्शन किती थकली असेल.

जावई हौशी. पहिल्या आठवड्यात फी-फी बेटावर नेलं. विज्या, एकादशीला सखाराम महाराजांच्या वाडीत असते ना, तशी गर्दी, फक्त अर्ध्या कपड्यांत. मी समुद्र बघितला तो लोकांच्या खांद्यांच्या फटीतून. एक बोट पिवळीजर्द, केळ्याच्या आकाराची, तिच्यावर बसायचे पैसे. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाने पैसे देऊन केळीवर बसायचं! नाही म्हणालो.

पण तिथे एक गोष्ट कळली, ती डोक्यातून जात नाही. माया बे म्हणून एक खाडी आहे, तिन्ही बाजूंनी चुन्याच्या दगडाचे कडे. दिवसाला पाच-पाच हजार माणसं यायची, होड्यांचे नांगर प्रवाळावर पडायचे. प्रवाळ मेलं. जून २०१८ मध्ये सरकारने खाडीच बंद केली. थेट जानेवारी २०२२ ला उघडली. आता होड्या समोरून आत येत नाहीत. मागच्या बाजूला उतरवतात, लाकडी फळ्यांवरून चालत जायचं, गुडघ्याच्या वर पाण्यात शिरायचं नाही. शिवाय दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर बंद. काळ्या पंखटोकांचे छोटे शार्क मासे परत आलेत, मी दोन बघितले, वीतभर पाण्यात. जावई फोटो काढत होते आणि मी उभ्या उभ्या आपल्या चोपड्याकडच्या कुंडाचा विचार करत होतो. त्याला कोणी दोन महिने सुट्टी देईल का?

असो. फी-फीहून आल्यावर मी रुसून बसलो. पिंकीला दया आली. म्हणाली, पप्पा, परदेशी लोक फारसे जात नाहीत अशी जागा आहे, पण चढावं लागेल. नाव फू क्रादुंग. घंटेचा डोंगर. ईशान्येला लोई प्रांतात. रात्रीच्या बसने निघालो मी आणि पिंकी, पहाटे एका फाट्यावर उतरलो, तिथून सोंगथेव. म्हणजे 'दोन रांगा'. दोन बाकं टाकलेली पिकअप, आपली काळीपिवळीच, फक्त टपावर माणसं नाहीत.

तोरणमाळ आठव. तसाच वर सपाट डोंगर, थोडा उंच, १,३१६ मीटर. पण वर गाडी जात नाही. साडेपाच किलोमीटर चढ, शेवटी लोखंडी शिड्या, आणि कड्यावर पोचलास की वाटतं सुटलो, तर अजून साडेतीन किलोमीटर सपाटीवर चालायचं तेव्हा तंबू. रोप-वे करायचा की नाही यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चाललाय. मी पहिल्या तासात रोप-वेच्या बाजूचा होतो. दुसऱ्या तासात विरोधात गेलो, कारण तोवर हमाल बघितले होते.

खाली वजनकाटा आहे. सामान तोलतात, चिठ्ठी बांधतात, किलोवर पैसे. मग तेच बोजे बांबूच्या दोन टोकांना बांधून कावडीसारखे वर नेतात. माझ्या पुढे एक बाई होती, आपल्या शेवंतामावशीच्या वयाची. थांबायची तेव्हा कावड खाली ठेवायची नाही, हातातली काठी मधोमध टेकू लावून उभी करायची आणि चौकड्याच्या पंचाने मान पुसायची. एका बोज्यात माझी पिशवी. तिच्यात सुमनने दिलेले दोन किलो बिबडे आणि शेव. विज्या, मला इतकी लाज वाटली की पुढच्या थांब्यावर तिला बिबडे देऊ केले. तिने कच्चाच कुरतडला! पिंकी खुणेने भाजायचं सांगेपर्यंत अर्धा संपवलासुद्धा.

थांब्यांना तिथे 'सम' म्हणतात, म्हणजे पाणी झिरपतं ती जागा. प्रत्येक समवर टपऱ्या. कच्च्या पपईचा ठेचा उखळीत कुटून देतात, वर मिरची अशी की खान्देशी माणसाने टोपी काढावी. पण त्यात माशाचं पाणी घालतात. शाकाहारी हवं तर 'जे' म्हणायचं. 'जे' म्हटलं की लसूणही जातो. लसणाविना ठेचा! मी मासा पत्करला. सुमनला सांगू नको, तिच्या माळेची शपथ घातली होती.

वर चीडची झाडं, वाळूची वाट, गवत, आणि थंडी अशी की पौषातली आपली थंडी पोरकी वाटावी. सांबर तंबूपर्यंत येतं. पहाटे सूर्योदयाच्या कड्यावर जायचं तर वनरक्षकाबरोबर गटानेच, रानहत्ती आहेत. सूर्यास्ताचा कडा नऊ किलोमीटर लांब, फा लोम साक. तिथे एक झाड दरीवर झुकलेलं आहे आणि त्याखालच्या खडकावर फोटोसाठी रांग लागते. म्हणजे निर्जन वगैरे नाही. नाताळ-नववर्षाला आणि जोडून सुट्ट्या आल्या की त्यांचीच कॉलेजची पोरं डोंगर भरून टाकतात. आम्ही मंगळवारी होतो म्हणून बरं. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत हाही डोंगर बंद. चार महिने. गवत वाढतं, वाटा भरून येतात.

आता मुद्दा. वरच्या पठारावर धबधबे आहेत, नकाशात नावं आहेत, फलक आहेत. त्यातल्या एकाकडे जाताना मी लघवीला म्हणून वाट सोडली. (हसू नको. आपलं कुंडही असंच सापडलं होतं, फक्त तेव्हा तू होतास.) वीस पावलांवर एक ओढा. कमरेएवढा खोल डोह, वर मेपलचं झाड, पानं लालभडक. पाण्यावर पानं. एक पान दगडाच्या कडेला अडकलेलं, सुटायचं, भोवऱ्यात एक गिरकी घ्यायचं आणि पुन्हा त्याच दगडाला येऊन टेकायचं. मी बघत बसलो. पिंकी वाटेवरून हाका मारत होती, मी ओ दिली नाही. चौसष्टाव्या वर्षी मुलीपासून लपून बसलो होतो. आपण एफवायला होतो, तू पळसाची पानं सोडायचास आणि कोणाचं आधी काठाला लागतं यावर चहाची पैज. अजून तुझ्याकडे अकरा चहा निघतात.

तिथे मनात पहिला विचार काय आला माहीत आहे? 'यावर छान लिहिता येईल.'

तुझी शिवी मला इथपर्यंत ऐकू आली.

आपल्या कुंडावरचा तो लेख लिहून आता पंधरा वर्षं होतील. रविवारच्या पुरवणीत चौथ्या पानावर, माझ्या नावासकट, चोपड्याहून कोणती एसटी, कोणत्या पाड्यावर उतरायचं, सगळं. पुढच्या श्रावणात दोनशे मोटारसायकली. तू चोपड्याच्या स्टँडवर चारचौघांत म्हणालास, "जागा विकली तू, आणि ती पण फुकट." मग आठ महिने बोलला नाहीस. मीही अकडलो होतो. मला म्हणायचं होतं की निसर्ग काय तुझ्या बापाचा आहे का, गरिबाच्या पोरांनी पोहू नये का? अजून ते मला अर्धं खरं वाटतं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण सांगितली असती तर सबब वाटली असती. चार वर्षांपूर्वी मी तिथे जाऊन आलो. पाड्यावरची ती पावरा बाई, मडक्यातलं पाणी द्यायची ती, तिची आता मॅगीची टपरी आहे. नातू चोपड्याला कॉलेजात आहे, त्या टपरीच्या जिवावर. मला ओळखलं. म्हणाली, "मास्तर, तुम्ही लिहिलं ते बरं केलं." मी फुगलोच. मग चहा टाकताना म्हणाली, "पण आम्ही आता पाणी हापशावरून आणतो. कुंडाचं पीत नाही."

चहा प्यायलो आणि कुंड न बघता परत आलो.

आता राहुलचं ऐक. ताईचा मोठा. सीएमव्ही रोगाने त्याची केळीची बाग उपटावी लागली, दोन हजार खोडं, घड धरायच्या आधीच. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. आता त्याने टुरिस्टचा धंदा काढलाय, अष्टविनायक-चारधामच्या बसा झाल्या, यंदा परदेश. म्हणतो, "मामा, पटाया सगळेच दाखवतात. तुमच्या त्या डोंगराचं नीट लिहून द्या, तो ओढा दाखवा, व्हिडिओ करू, चाळीस सीटं दिवाळीत भरतात." ताईचा फोन आला. ताई कधी काही मागत नाही. म्हणाली, "भाऊ, एका नावाचं काय एवढं?"

मी काय केलं असेल? मास्तरकी. त्याला दोन तास दुसऱ्याच जागा शिकवल्या. म्हटलं, दिवाळीत समुद्र हवा तर सामुई बेटावर नेऊ नको, तिकडच्या आखाताला ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस झोडपतो. अंदमान समुद्राच्या बाजूचा पाऊस तोवर ओसरू लागलेला असतो. म्हटलं खाव सोकला ने, दक्षिणेला आहे. १९८७ च्या धरणाचं पाणी, त्यातून उभे चुन्याचे सुळके, तराफ्यावरच्या खोल्यांत झोपायचं. तुझ्या उकाईच्या फुगवट्यात कोणीतरी डोंगर रोवले असं समज. म्हटलं त्रांगच्या लिबोंग बेटाला ने, ते समुद्रगाईंसाठी प्रसिद्ध आहे. उत्तरेला नानच्या डोंगरात बो क्लुआ ने, समुद्रापासून इतक्या लांब विहिरीतून खारं पाणी काढून लाकडाच्या चुलीवर मीठ आटवतात. हे सगळं मी पिंकीच्या घरच्या माहितीपुस्तकांतून आणि तिच्या शेजारणीकडून उचललेलं. पोरगं वहीत लिहून घेत होतं, इतक्या विश्वासाने की मला घाम फुटला.

म्हणजे बघ, माझा ओढा वाचवायला मी तीन परक्या लोकांची कुंडं देऊन मोकळा झालो. बो क्लुआच्या त्या मीठवाल्या बाईने माझं काय घोडं मारलं होतं? आणि तरीही राहुल शेवटी म्हणालाच, "हे झालं मामा. पण तो ओढा?" तो रविवारी येतोय, मोबाइलवाला मित्र घेऊन.

नाही म्हटलं तर ताईचा चेहरा दिसतो. हो म्हटलं तर ती कावडवाली दिसते. तिला चाळीस माणसांच्या चाळीस बॅगा मिळतील, ती खूशच होईल, हे पण खरं. मग मी नक्की कोणासाठी लपवतोय? रात्री दोनला उठून बसतो. सुमन म्हणते, साखर बघा.

तुझं काय? लूम बंद केले असं कळलं, वाईट वाटलं. मोतीबिंदूचं झालं का? एकच डोळा केला असशील, दुसऱ्याचे पैसे वाचवायला. अश्विनीचं जमलं ना, तारीख कळव, नाशिककडचे आहेत म्हणे, चिवडा चांगला मिळेल. वहिनींना नमस्कार, त्यांनी दिलेलं लोणचं संपलं, हे मुद्दाम लिहिलंय.

लग्नाचं आमंत्रण द्यायला येशीलच, नवजीवनने ये, स्टेशनवर येतो. मेहरूण बोरं राखून ठेवतो. चोपड्याला जाऊ, पाड्यापर्यंत. कुंडापर्यंत जायचं की नाही ते तिथे ठरवू.

पत्र शनिवारपर्यंत पोचलं तर फोन कर. शिव्या द्यायच्या असतील तर अहिराणीत दे, मराठीत तू फार सभ्य होतोस.

तुझा,
भास्कर

ता. क. ओढा कोणत्या धबधब्याच्या वाटेवर ते तुलाही लिहिलेलं नाही, लक्षात आलं असेलच. राग मानू नको. पत्र पोस्टाने येतंय, आणि तुझा नातू रील करतो असं ऐकलंय.